चार हजार शब्दांचं गाव

लिअँडरने आपले शब्द परत मागितले ते ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या बुधवारी, फोनवर. मी सेंट जॉन्समधल्या माझ्या स्वयंपाकघरात सलगम चिरत होते आणि टॅम्सिन टेबलाशी बसून तळटीपा तपासत होती. फोन तिनेच उचलला. "हो पॉप." मग "नाही पॉप." मग "पण पॉप..." आणि तिने फोन खाली ठेवला.

"काय म्हणतोय माझा भाऊ?"

"म्हणतात, उन्हाळ्यात मी जे बोललो ते सगळं निबंधातून काढून टाक."

"का म्हणून?"

"नाही सांगितलं," ती म्हणाली आणि केस कानामागे सारले. खोटं बोलताना तिचा बाप गार्लंडही लहानपणी असंच करायचा. मी पुन्हा विचारलं नाही.

टॅम्सिन ही लिअँडरची नात, आजोबांना ती पॉप म्हणते. तिचा विद्यापीठाआधीचा दोन वर्षांचा डिप्लोमा निम्मा झाला असताना गार्लंडची दूर पश्चिमेच्या अल्बर्टातली नोकरी कायमची झाली आणि तो बायकोला आणि धाकट्याला घेऊन तिकडे गेला. अभ्यासक्रम मधेच सोडता येत नव्हता, म्हणून टॅम्सिन माझ्या मागच्या खोलीत राहायला आली. मी खरं तर गार्लंडची आत्या, पण तीही मला आत्याच म्हणते. सगळे म्हणाले, बरं झालं, एफीला सोबत झाली. पण दोन एकटी माणसं एका छपराखाली आली म्हणजे सोबत होतेच असं नाही. ती दार लावून लिहायची, मी रेडिओ लावून विणायची. जेवताना मीठ दे, लोणी दे, एवढं बोलणं.

त्या डिप्लोमात प्रत्येकाला स्वतः शोध घेऊन एक निबंध लिहावा लागतो. विषय आपला, मेहनत आपली, मार्गदर्शक शिक्षिकेने फक्त वाट दाखवायची. चार हजार शब्द. त्याच्या पुढचा एकही शब्द परीक्षक वाचत नाही. निबंधात नापास झालं तर डिप्लोमाच मिळत नाही. टॅम्सिनचा विषय होता, 'टिंकर्स आर्म हे गाव १९६७ साली का उठलं?'

आमचं गाव. सरकारने तेव्हा ठरवलं होतं, इतक्या लहान-लहान खाड्यांत माणसं राहतात, त्यांना शाळा, डॉक्टर, रस्ता कुठे पुरवत बसायचं? घरं मोठ्या गावांत हलवा, आम्ही मदत देतो. दहातल्या नऊ घरांनी सही केली की गाव उठायचं. आमच्याकडे पहिली सही केली एलाय पार्डीने आणि तो आकडा पुरा करणारी शेवटची आमच्या वडिलांनी, हेडली स्टकलेसने. आमच्या घरात लहानाचे मोठे झालेले सगळे जण एकच गोष्ट ऐकत मोठे झाले. एलायने गाव फोडलं, त्या उन्हाळ्याच्या धुक्याने मासळी सडवली, आणि उपाशी मरायची पाळी आली म्हणून आमच्या बाबांनी हात टेकले. मी स्वतः टॅम्सिनच्या मुलाखतीत हेच सांगितलं होतं. शिवाय बेरीचे डोंगर, आईचा काकवीचा पाव, मासळी वाळवायच्या मांडवांखालची ती फांद्यांतून गाळून आलेली सावली, असं पुष्कळ काही. तिची मार्गदर्शक, मिस कीपिंग, म्हणाली होती म्हणे, 'तुझ्या आत्याचं बोलणं फार सुंदर आहे, पण त्यातून काही सिद्ध होत नाही.' टॅम्सिनने तरी ते ठेवलं होतं.

"मग आता?" मी विचारलं.

"मिस कीपिंगना विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांचे शब्द आहेत, निबंध जाईपर्यंत ते परत घेऊ शकतात. मला ऐकावंच लागेल."

"आणि कधी जायचाय?"

"मंगळवारी."

"त्याचं बोलणं काढलं तर काय राहतं गं?"

तिने लॅपटॉप मिटला. "बाकी सगळं राहतं, आत्या. फक्त 'का' राहत नाही."

*

लिअँडर राहतो ते घर टिंकर्स आर्ममधलंच. भोवती रिकामी पिंपं बांधून, भरतीच्या वेळी, मोटारबोटींनी ओढत खाडीपलीकडे आणलेलं. खिडक्यांना पडदे तसेच होते. चुलीवरची किटली सांडली नाही, असं सूझी सांगते. सूझी आमची थोरली बहीण, आणि त्या वेळी ती शहरात दुसऱ्यांच्या घरी कामाला होती, तरी सांगते. नव्या जागी बाबांनी घर बसवलं ते पाण्याकडे पाठ करून. आईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला मरेपर्यंत रस्ता दिसला. बाबांना समुद्र बघवत नव्हता, असं आम्ही सगळे समजायचो.

रविवारी दुपारी त्या स्वयंपाकघरात आम्ही सहा जण बसलो. लिअँडर टेबलाच्या टोकाला, बाबांच्या खुर्चीत. बायको गेल्यापासून तो एकटाच असतो आणि घरात माणसं आली की त्याला नक्की कुठे बघावं ते कळत नाही. अल्बर्टाहून फक्त गार्लंड आला होता. तिघांची विमानाची तिकिटं परवडण्यासारखी नव्हती. सूझी, तिचा नवरा अँब्रोझ, टॅम्सिन आणि मी. अँब्रोझ म्हणजे त्याच एलाय पार्डीचा मुलगा. सूझीने त्याच्याशी लग्न केलं तेव्हा बाबा चर्चमध्ये आले, पण आत न बसता दारात उभे राहिले.

टर्की, खारं मांस, कोबी, कापडात बांधून उकडलेली वाटाण्याची डाळ. अँब्रोझने प्रार्थना म्हटली. त्याची प्रार्थना लांबते. सगळ्यांच्या प्रकृतीपासून सुरू होऊन ती हवामानापर्यंत जाते.

"आमेन," सूझी मध्येच म्हणाली. "रस्सा थिजला. टॅम, तुला किती शब्द लिहायचेत म्हणालीस?"

"चार हजार."

"आमच्या ह्यांना जेवणाआधी तेवढे लागतात."

हसलो सगळे. लिअँडर हसला नाही. त्याने काटा खाली ठेवला.

"काढलंस का?"

"अजून नाही, पॉप."

"का?"

"तुम्ही कारण सांगितलं नाहीत म्हणून."

"कारण! माझ्या तोंडचे शब्द मला परत हवेत, त्याला कारण लागतं होय? माझी कोट-टोपी मागितली असती तर दिली असतीस की नाही?"

"कोट-टोपीवर मी निबंध लिहिला नाहीये, पॉप."

"बघ, बघ कशी बोलते," सूझी म्हणाली. "हे तुमच्या शाळेत शिकवतात? म्हाताऱ्यांना टेपवर बोलतं करायचं आणि मग वकिलासारखं धरून बसायचं? अगं, घरातली गोष्ट आहे. परक्या परीक्षकाला काय करायचीय? कुठे बसतो तो तरी?"

"माहीत नाही. कुठेही असेल. सिंगापूरला."

"सिंगापूरला!" सूझीने टर्कीची तंगडी माझ्या ताटात अशी टाकली की जणू मीच सिंगापूरहून आले होते.

मला वाटलं होतं गार्लंड मुलीची बाजू घेईल. पण तो म्हणाला, "टॅम, पॉप म्हणतात तर काढून टाक ना. एवढं काय त्यात? तू एरवीही पुढच्या वर्षी तिकडे येणारच आहेस. एडमंटनच्या कॉलेजात तुझा डिप्लोमा कुणी विचारणार नाही."

"मी तिकडे येणारे, असं कुणी ठरवलं?"

"मग कुठे राहणार? कायम आत्याकडे?"

ते बोलून त्याने ताटात मान घातली, कारण मी तिथेच बसले होते.

"आत्याला विचार," टॅम्सिन म्हणाली. "तुम्ही सगळे जाता तेव्हा मागे कोण राहतं, ते तिला नीट ठाऊक आहे."

"ए, ए," अँब्रोझ हळूच म्हणाला. "जेवा आधी. कोबी छान शिजलाय."

"तुझं काय जातंय रे कोबी छान म्हणायला?" लिअँडर त्याच्यावर उखडला. "तुझ्या बापाने पहिली सही केली नसती तर ह्या पोरीला निबंध लिहायला विषयच मिळाला नसता."

हे वाक्य आमच्या टेबलावर इतक्या वेळा येऊन गेलं होतं की ते मिठाच्या भांड्यासारखं झालं होतं. कुणी त्याच्याकडे बघायचं नाही. पण त्या दिवशी टॅम्सिनने अँब्रोझकडे बघितलं, मग आजोबांकडे, आणि खुर्ची मागे सारून म्हणाली, "काढते. आत्ता काढते. पण एक अट आहे, पॉप. उद्या सकाळी मी तो सगळ्यांसमोर वाचून दाखवणार. आणि तुम्ही पूर्ण ऐकायचा."

जिना चढताना तिच्या पायांचा आवाज झाला नाही. रडू आवरणाऱ्या माणसाच्या पायांचा होत नाही.

*

वरच्या खोलीत काय झालं ते तिने मला पुढे सांगितलं.

ती खोली एकेकाळी माझी होती. घर नव्या जागी किंचित कललेलं बसलं, त्यामुळे तिथे जमिनीवर पेन्सिल ठेवली की भिंतीपर्यंत घरंगळत जाते. टॅम्सिनने पेन्सिल ठेवली, जाऊ दिली, पुन्हा आणली. मग लॅपटॉप उघडला.

लिअँडरचं बोलणं निबंधात ठिकठिकाणी होतं, नुसता एक परिच्छेद उचलून भागणार नव्हतं. ते काढायचं म्हणजे विणलेल्या हातमोज्यातून एकच धागा ओढून काढण्यासारखं. ती एकेक वाक्य निवडत गेली आणि प्रत्येक ठिकाणी खिंडार पडत गेलं. ऑगस्टपासून ती ते बोलणं एकटीच सांभाळत होती. रोज माझ्यासमोर बसून जेवायची आणि माझ्याविषयीची एक गोष्ट, जी मला ठाऊक नव्हती, घासाबरोबर गिळायची. निबंधात ती एकदाची लिहून झाल्यावर तिला वाटलं होतं की सुटले. आत्याला वाचायला देऊ, मग ती माझी एकटीची राहणार नाही. मीच गेल्या मंगळवारी लिअँडरला फोनवर कौतुकाने म्हटलं होतं, निबंध झालाय हं, आधी मी वाचणार, कबूल केलंय तिने. त्याचा फोन आला तो दुसऱ्या दिवशी.

आईला फोन करावा असं तिच्या मनात आलं. अल्बर्टात त्या वेळी आई कामावर असणार. तिने धाकट्या भावाचा फोटो बघितला. त्याच्या मागे जे अंगण होतं ते तिने कधी पाहिलेलं नव्हतं.

खाली मी भांडी पुसत होते. सूझी धूत होती आणि लिअँडरची बाजू घेत होती. गार्लंड दाराशी उभा होता.

"मी उगाच बोललो," तो म्हणाला. "एडमंटनचं."

"बोललास खरा," सूझी म्हणाली, आणि लगेच बाजू बदलून, "पोरीला इथे एकटं टाकलंयस, निदान तिचा निबंध तरी तिला लिहू दे."

"आत्ता तूच म्हणत होतीस ना की..."

"मी काय म्हणत होते ते मला शिकवू नकोस. टॉवेल घे."

*

सोमवारी सकाळी चहा झाल्यावर टॅम्सिन वाचायला उभी राहिली. आवाज शाळेतला होता, सपाट.

अँब्रोझ खिडकीजवळ बसला होता. तो कमी बोलतो म्हणून लोकांना वाटतं त्याला कमी आठवतं. वाचन चालू असताना तो मनाने टिंकर्स आर्ममध्ये फिरत होता, असं त्याने पुढे सांगितलं. धक्का, तिथून वर त्यांचं घर, मग स्टकलेसांचं. पोरीने सगळं बरोबर मांडलं होतं. पोस्ट कधी बंद झालं. दुकानदाराने माल आणणं कधी थांबवलं. मास्तर कधीपासून आला नाही. कुठल्या घराने कधी सही केली. त्याच्या बापाचं नाव आलं तेव्हा त्याने कप बशीत ठेवला, आवाज होऊ नये म्हणून फार सांभाळून. पोरीने नुसतं लिहिलं होतं की एलाय पार्डीच्या घरात नऊ मुलं होती आणि त्यांनी जूनमध्ये सही केली. शिवी नाही, ठपका नाही. पण पुढे निबंधात दुसरं कारणच नव्हतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटणार होतं की सगळं तिथूनच सुरू झालं. अँब्रोझला त्याची सवय होती. पन्नासहून अधिक वर्षं तो ह्या टेबलावर जेवत होता.

"'त्या उन्हाळ्यात स्टकलेस कुटुंबाची मासळी खराब झाली,'" टॅम्सिन वाचत होती. "'त्याचं कारण उपलब्ध साधनांवरून समजू शकत नाही. सप्टेंबरमध्ये हेडली स्टकलेस यांनी सही केली.'"

"थांब," लिअँडर म्हणाला. "समजत नाही कसं? धुकं लिही. धुकं होतं. सगळ्यांना ठाऊक आहे."

"ते नाही लिहिता येणार, पॉप. मी हवामानाच्या जुन्या नोंदी बघितल्यात, तुम्हाला ऑगस्टमध्येच सांगितलं होतं. त्या वर्षी धुकं नव्हतं. सगळ्यात कोरडा उन्हाळा होता तो."

मी म्हटलं, "छे गं, काहीतरीच. धुकं होतं."

"तू होतीस का तिथे, आत्या?"

नव्हते. त्या जूनमध्ये आईने मला तिच्या बहिणीकडे पाठवलं होतं, तान्हं बाळ सांभाळायला. सप्टेंबरात आले तेव्हा मांडव रिकामे होते आणि बाबा कुणाशी बोलत नव्हते. मला कुणीतरी सांगितलं, धुकं. कुणी सांगितलं होतं?

मग अँब्रोझ बोलला. खिडकीबाहेर बघतच.

"आमची मासळी त्या साली फार चांगली वाळली."

सूझी नवऱ्याकडे अशी बघत राहिली की जणू इतक्या वर्षांत त्याचा आवाज तिने आज पहिल्यांदा ऐकला.

"पुढे वाच," लिअँडर म्हणाला.

"संपलाच आहे जवळजवळ."

"मग मी कुठाय त्यात?"

"तुम्ही काढायला सांगितलंत, पॉप."

"ते बोलणं काढ म्हटलं. पण मी होतो की तिथे. बोट मी चालवायचो. घर ओढत आणलं तेव्हा पहिला दोर माझ्या हातात होता. गावात मी नव्हतोच असं वाटतंय ते ऐकून."

"तुमचं सगळं त्या एकाच बोलण्यात होतं. दुसरं काही तुम्ही सांगितलंच नाहीत मला."

लिअँडर बाबांच्या खुर्चीत बसून राहिला. त्याला काय झालं ते त्याने मला नंतर अंगणात लाकडं रचताना सांगितलं, तेही पाठ फिरवून. म्हणाला, आपण मेल्यावर लोक जेवतायत आणि आपण दारातून बघतोय, असं वाटलं. आणि त्यातही आपल्या जागी कुणी रिकामी खुर्चीसुद्धा ठेवलेली नाही.

पण तेव्हा तो एवढंच म्हणाला, "एफी, इकडे बघ."

मी बघितलं.

"आईने त्या उन्हाळ्यात मासळीला हात लावला नाही."

"आजारी होती?"

"ठणठणीत होती. रोज स्वच्छ एप्रन बांधून पायरीवर बसायची, हात मांडीवर ठेवून. बाबा आणि मी मासळी आणायचो, चिरायचो, मीठ लावायचो. वाळवायचं काम तिचं. ती नुसती बघायची. बाबांना म्हणाली, दोन वर्षं मास्तर आला नाही, ह्याही वर्षी येत नाही. तू सही कर, मी मासळी पसरते. बाबा म्हणाले, नाही करणार. ती म्हणाली, मग सडू दे."

"आणि तुम्ही?"

"आम्ही पसरली ना! दोन पुरुषांनी. कधी उचलायची, कधी उलटायची, कुणाला ठाऊक होतं? भर उन्हात मांसाची बाजू वर करून ठेवली आणि मासे पकडायला निघून गेलो. परत येऊन बघतो तर करपलेली. उकडल्यासारखी. हाताने उचलली की तुकडे. सगळ्या उन्हाळ्याची कमाई."

"माझी आई दोनदा आली होती मदतीला," अँब्रोझ म्हणाला. "तुमच्या आईने, सेलिनाबाईंनी, तिला परत पाठवलं. म्हणाल्या, हात लावू नकोस, ही माझी मासळी आहे."

"तुम्हाला माहीत होतं?" सूझीचा आवाज चिरकला. "इतकी वर्षं? आणि तुमच्या वडिलांना ही माणसं वाट्टेल ते बोलत होती, मीसुद्धा बोलत होते, आणि तुम्ही कोबी छान आहे म्हणत बसलात?"

"वडील म्हणाले होते, त्या घरातली गोष्ट त्या घरात राहू दे. आपल्याला बोलून घेतलं तर आपलं काही झिजत नाही." अँब्रोझ थोडं थांबला. "झिजतं तसं. पण म्हणाले होते."

मी अजून आईच्या पहिल्याच वाक्यापाशी होते. मास्तर. लिअँडर मोठा होता, बोटीवर जायचा. सूझी कामाला गेलेली होती. घरात शाळेच्या वयाचं कोण होतं?

"माझ्यासाठी?" मी विचारलं.

"म्हणायची, ही पोरगी हुशार आहे. हिच्या हाताला मिठाच्या भेगा पडू देणार नाही." लिअँडर टेबलावरच्या तेलकापडाकडे बघत बोलत होता. "इथे घर बसवलं तेव्हा बाबा म्हणाले, तिला समुद्र नको होता ना, मग बसू दे रस्ता बघत. मी होतो तिथे. पाण्याकडे पाठ त्यांनी स्वतःसाठी नाही केली, एफी."

घर इथे आल्यावर मी मोठ्या शाळेत गेले ती दोन हिवाळे. तिथली मुलं आम्हाला 'तरंगती' म्हणायची. माझा कोट हुंगून नाकाला बोट लावायची. तिसऱ्या हिवाळ्याआधी मी आईला म्हटलं, मी नाही जात. तिने एक शब्द विचारला नाही. कणीक मळत होती, मळत राहिली. पुढे मी टेलिफोनच्या कचेरीत लागले आणि लोकांचे आवाज एकमेकांना जोडत आयुष्य काढलं. वाईट नव्हतं काही. पण एका गावाच्या बदल्यात ते जरा थोडंच झालं.

"म्हणून नाही सांगितलं," लिअँडर म्हणाला. "तू शाळा सोडलीस, म्हणून. तुला कशाला ते ओझं? धुकं काय, कुणालाही सोसतं."

मी उठले. किटलीत पाणी भरलं. सिंकवरच्या खिडकीतून रस्ता दिसत होता, आणि रस्त्यावर कुणी नव्हतं. आई इथे उभी राहून काय बघायची? मी शाळेतून येताना ह्याच रस्त्याने यायचे. मग मी यायची बंद झाले.

"टॅम," मी तोंड न वळवता म्हटलं, "परत घाल सगळं."

"पॉप?"

"घाल," लिअँडर म्हणाला. "आणि आमच्या आईचं नाव नीट लिही. सेलिना. 'स्टकलेसची बायको' असं लिहू नकोस."

"पण मग शब्द जास्त होतील," टॅम्सिन म्हणाली. "काल तुमचं काढल्यावर मी मोकळ्या जागेत दुसरं घातलंय. पोस्टाचं, शाळेचं. ते आता लागणार. काहीतरी जावं लागेल."

लगेच सगळ्यांनी गावाची वाटणी सुरू केली. सूझी म्हणाली पोस्टाचं काढ, कुणाला हवंय पोस्ट. गार्लंड म्हणाला, नाही, पोस्टाने सिद्ध होतं की सरकारने आधीच हात आखडता घेतला होता, आणि मुलीकडे बघून म्हणाला, "हे चांगलं लिहिलंयस तू. मला नव्हतं माहीत ह्यातलं काही." तिने केस कानामागे सारले नाहीत. नुसती मान हलवली.

"माझं काढ," मी म्हटलं.

"आत्या, नको."

"बेरी, पाव, सावली. तुझ्या मिस कीपिंग म्हणाल्याच ना, त्यातून काही सिद्ध होत नाही. आणि धुकं तर होतंच नव्हतं. काढ."

ती वर गेली. पाणी उकळल्यावर लिअँडर उठला, किटली माझ्या हातातून घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने दुसऱ्यांसाठी चहा ओतला. पहिला कप अँब्रोझपुढे ठेवला. डब्यातलं दूध घालायचं विसरला होता. अँब्रोझ तसाच प्यायला.

*

निबंध मंगळवारी गेला. गार्लंडचं विमानही त्याच दिवशी होतं. विमानतळावर त्याने मुलीला बराच वेळ धरून ठेवलं, आणि एडमंटनचं नाव काढलं नाही.

निबंधानंतर शिक्षिका विद्यार्थ्याला एकदा समोर बसवून बोलतं करते, हे काम खरंच ह्याचंच आहे ना ते बघायला. ते गुरुवारी झालं. टॅम्सिन घरी आली तेव्हा अंधारून येत होतं. मी टेबलाशी बटाटे सोलत होते. निबंध मी वाचला होता. टिंकर्स आर्म त्यात सगळं मावलं होतं. माझं नाव कुठे नव्हतं. एका ठिकाणी होतं, 'त्यांच्या धाकट्या मुलीच्या शिक्षणासाठी,' बस.

"काय विचारलं बाईंनी?"

तिने दप्तर खाली टाकलं. "विचारलं, पुन्हा लिहायचा झाला तर वेगळं काय करशील?"

"मग?"

"म्हटलं, मी सगळ्यांना विचारलं की गाव का उठलं. धाकट्या मुलीला मात्र कुणी विचारलंच नाही, की तुला जायचं होतं का. मीही नाही विचारलं."

मी साल काढत राहिले. ते लांब निघालं, तुटलं नाही.

ती आपल्या खोलीकडे गेली नाही. माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसली आणि हात वाढवून तिने रेडिओ बंद केला.

"होतं का, आत्या?"

"निबंध गेला ना?" मी म्हटलं. "आता शब्द मोजायचे नाहीत?"

"नाहीत."

"मग घे ती दुसरी सुरी," मी म्हटलं. "सांगते."